हंगामाचं गाऱ्हाणं

“तर हे असं आहे,” मी म्हणाले आणि भिंतीवर लावलेल्या कागदावरचा हात खाली घेतला. “सगळ्यांना पटतंय?”

“व्हय,” विश्राम म्हणाला. तो माझा धाकटा भाऊ, यंत्रं आणि भट्टी बघणारा.

“व्हय, व्हय,” विक्री बघणारे दळवी म्हणाले.

सत्यभामाआक्का सोलणाऱ्या बायकांची मुकादम होती. तिने पदराला हात पुसले, कागदाकडे देवळातल्या दिव्याकडे बघावं तसं बघितलं आणि मान डोलावली. “व्हय गे बाय.”

मग चहा आला. बशांचा आवाज झाला. दळवी म्हणाले, कागदावरची अक्षरं झक्क आली आहेत, छापल्यासारखी. आक्का म्हणाली, यंदा आंबा मोहरलाय बरा. चहा संपला, माणसं उठली, एकेक करून दाराबाहेर गेली आणि मी त्या कागदापुढे एकटी उरले.

पुण्यात मी ज्या कारखान्यात नोकरीला होते तिथे माझं कामच हे होतं. पुढच्या वर्षांत कंपनीने कुठल्या वाटेने जायचं, कुठल्या वाटेला फिरकायचंही नाही, ते आखणं. तिथल्या बैठकांत माणसं टेबलं आपटायची, एकमेकांच्या आकड्यांना हसायची, रागावून उठून जायची आणि तंबाखू मळून परत यायची. त्यातून निघालेली योजना पोचे पडलेल्या पातेल्यासारखी असायची, पण पोचा कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं. ही माझी योजना मात्र उकडून सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत बाहेर आली होती. कुठे बोटच अडकत नव्हतं.

आमचा काजूचा कारखाना वेंगुर्ल्याच्या अलीकडे, डोंगर उतरून रस्ता जिथे सपाटीला लागतो तिथे आहे. भाईंनी, माझ्या वडिलांनी, तो उभा केला. उन्हं तापायला लागली की डोंगरातली माणसं काजूची बी घेऊन उतरतात. ती आम्ही घ्यायची, उकडायची, फोडायची, सुकवायची, सोलायची, निवडायची, आणि आमच्या नावाच्या पाकिटात भरून दुकानादुकानांत पोचवायची. शंभरेक बायकांचे हात त्यावर चालायचे. पण हंगाम संपला, साठवलेली बी संपली, की हात रिकामे. पावसाळाभर बायका उसनवारीवर जगायच्या. भाईंना पक्षाघात झाला आणि मी नोकरी सोडून आले, तेव्हा खुर्चीवर बसताना मनाशी म्हटलं होतं, हे आपण बदलायचं.

बदलायची वाट चालत दारात आली. मुंबईची एक मोठी बिस्किटांची आणि मिठाईची कंपनी आमचा सगळा माल पाच वर्षं घ्यायला तयार झाली. बी तीच पुरवणार, बाहेरदेशातून बोटीने आलेली, बारा महिने. नवी शेड, नवी यंत्रं. अट एकच, पण तिला तीन फाटे होते: दुसऱ्या कोणाला माल द्यायचा नाही, आपलं पाकीट बंद करायचं, डोंगरातली बी घ्यायची नाही. सही केली की कारखाना एका दोराला बांधला जाणार होता. दोर विहिरीतून वर काढणारा होता की गळ्याभोवतीचा, हे मला कळायला हवं होतं, आणि कळत नव्हतं. हंगाम उघडायच्या दिवशी कंपनीचे गुप्ते कागद घेऊन येणार होते.

बैठक झाली त्या संध्याकाळी मी भाईंजवळ जाऊन बसले. ते ओसरीवर आरामखुर्चीत असायचे, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. समोर फणसाचं झाड.

“भाई, सगळे हो म्हणाले.”

“व्हय,” भाई म्हणाले.

आजारानंतर त्यांच्याजवळ हा एकच शब्द उरला होता. सावंतवाडीचे डॉक्टर म्हणाले होते, “शब्दांचं घर जळालं असं समजा. एवढं एकच भांडं हाताला लागतंय, मग पाणी असो की तूप, ते त्याच भांड्यातून वाढणार.” मी विचारलं होतं, “पण समजतं किती?” डॉक्टर म्हणाले होते, “ते सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित सगळं.”

“कंपनीशी करार करू ना?”

“व्हय.”

“की नको करू?”

“व्हय,” भाई म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. तसे ते आताशा कशानेही ओले व्हायचे. आमटीत मीठ जास्त झालं का, व्हय. कमी झालं का, व्हय. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी त्यातल्या पहिल्या ‘व्हय’ला घट्ट धरून बसले. बुडणारा माणूस शेवाळालाही हात घालतो.

दुसऱ्या दिवशी सोलायच्या शेडमधून गेले. बायका गेल्या हंगामातला उरलासुरला माल सोलत ओवी म्हणत होत्या. काम लांबलं की त्या तिथल्या तिथे शब्द जुळवायच्या.

काळा गे सालपाट, आत दुधाचो गरो
मायेच्या पोटातलो, सल कोणाक कळो

मी दारात दिसले आणि ओवी मधेच तुटली. सालं काढण्याचा चुटुचुटु आवाज तेवढा राहिला. “म्हणा ना,” मी म्हटलं. “व्हय, व्हय,” बायका म्हणाल्या. पण म्हटलं कोणीच नाही.

हंगामाच्या पहिल्या पोत्याचं तोंड उघडण्याआधी कारखान्याच्या फाटकाशी, राखणदाराच्या दगडापुढे, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ही भाईंची रीत. एकाने देवाशी बोलायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. गाऱ्हाणं घालायचा मान राऊळांच्या घरचा. त्या वेळी तो सोनूतात्यांकडे होता. तात्या आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे त्यांचा आवाज देवापर्यंत आरामात जाईल अशी गावाची खात्री होती. मी त्यांना बोलावणं करायला गेले तेव्हा ते अंगणात सुपाऱ्या फोडत बसले होते.

“काय गो, पुण्याची मालकीण वाट चुकली?”

“वाट चुकले म्हणूनच आले, तात्या. हंगाम उघडायचाय. नारळ ठेवायला या.”

“येतंय. माजो बापूस येय, मी येतंय. पण घालू काय? दरवर्षी भाई सांगायचो, सोन्या, ह्या मागूचा, ह्या टाळूचा. औंदा कोण सांगतलो?”

“मी सांगते.” आणि मी त्यांना सगळी योजना सांगितली. बोट, बी, शेड, पाच वर्षं. तात्या सुपारी फोडत ऐकत होते. “व्हय,” म्हणत होते. “व्हय… व्हय…” मी थांबले. “मग? तुम्हाला पटलं ना?”

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “माका? माका काय पटूचा? मी आयकत होतंय.”

“पण तुम्ही व्हय म्हणालात.”

“अगो चेडवा,” तात्या हसले, “तीस वर्सां गाडीत उभो रवान मी वरडलंय, फुडे सरका, फुडे सरका. सगळे म्हणत, व्हय व्हय. सरकलो कोण? एक नाय. व्हय म्हणजे तुजा म्हणणा कानात गेला. तेच्या पलीकडे काय नाय. माणसाक जा मनापासून हवा आसता, तेका तो ‘व्हया’ म्हणता. माका व्हया. पुण्याची हवा जिभेर बसली ती तुका एवडापण कळना नाय?”

व्हय आणि व्हया. एका कान्याएवढाच फरक. लहानपणी मी हे शब्द खेळता खेळता वापरले होते, खाऊ व्हया, बाहुली व्हया. भिंतीवरच्या कागदापुढे बसलेल्या माणसांची तोंडं मी डोळ्यांपुढे आणली. त्यांतल्या कोणी ‘व्हया’ म्हटलं होतं का? दळवींनी? विश्रामने?

“मग मी त्यांना विचारू तरी कसं?” मी म्हटलं. “विचारलं की व्हय म्हणतात.”

“तू इचारू नको. तुज्या तोंडार कोण नाय म्हणतलो? भाईची चेडू तू, पुण्यासून शिकान इली.” तात्यांनी पानाला चुना लावला. “आदी रीत होती. गाऱ्हाण्याच्या आदल्या दिसाक ज्याच्या मनात जा भय आसात, ता माज्या कानात घालूचा. दुसऱ्या दिसाक मी देवाक सांगतंय. नाव नाय घेवचा. देवाक नाव लागना नाय, आनि माणसाक कळता कामा नये.”

“भाईंच्या वेळी असं व्हायचं?”

“भाई पयलो येय,” तात्या म्हणाले. “मालकाचा भय सगळ्यांत मोठा आसता.”

आदल्या दिवशी तात्या फाटकाजवळच्या धोंड्यावर येऊन बसले, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मी कार्यालयाच्या काचेआडून बघत होते. बघू नये असं वाटत होतं आणि नजर निघत नव्हती. सुरुवातीला कोणीच गेलं नाही. मग एक बाई गेली, तोंडावर पदर धरून वाकली, काहीतरी बोलली आणि मागे न बघता पळाली. तिच्यामागून दुसरी. मग रीघच लागली. दळवी अर्ध्या वाटेवरून परतले, नळावर हात धुतले, पुन्हा गेले. सत्यभामाआक्का इतका वेळ वाकून राहिली की तात्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला, “आक्का, हो कान भरलो. आता दुसऱ्यात ओत.” बायका फिस्सकन हसल्या. शेवटी भट्टीकडून विश्राम आला. माझा भाऊ, ज्याच्याशी मी रोज एका पंगतीला जेवत होते, तो दुसऱ्याच्या कानाशी वाकला आणि मला न सांगितलेलं काहीतरी तिथे ठेवून गेला. मला वाटलं, आपल्या पायांखालची फरशी पोकळ आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे, आपण सोडून.

सगळे गेल्यावर मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. कानाजवळ तोंड नेलं तर भलतंच निघालं. तात्या धोंड्यावरून थोडे सरकले आणि म्हणाले, “बस जरा.”

हंगामाच्या दिवशी सकाळी गुप्ते आले. बरा माणूस होता. गाडीतून उतरल्यावर चपला काढून उन्हात अनवाणी उभा राहिला. म्हणाला, “घाई नाही, तुमचं होऊ द्या. सही नंतर.” बगलेत कागदांची पिशवी होती.

बायका एका बाजूला, भट्टीवाले एका बाजूला. विश्राम आणि दळवींनी भाईंना खुर्चीसकट उचलून दगडासमोर आणलं. भाईंना धुवट सदरा घातला होता. तात्यांनी नारळ ठेवला, हात जोडले, घसा साफ केला.

“बा देवा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“तू ह्या सीमेचो राखणदार, उन्हापावसात उभो रवलेलो…”

“व्हय म्हाराजा.”

आणि मग मी भाईंचा आवाज ऐकला. साऱ्यांच्या आवाजात मिसळलेला, पण त्यांचाच. “व्हय.” त्यांनी मान वर केली होती. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला शब्द पहिल्यांदाच जागच्या जागी बसला होता. त्यांच्याकडे तोच एक शब्द होता, आणि त्या घडीला सगळ्यांना तोच हवा होता. प्रत्येक वाक्याला ते दम घेऊन वाट बघत, आणि वेळेवर म्हणत, “व्हय.” एखादं पोर चेंडू झेलतं तसं.

“आज ह्या लेकरांच्या मनात जा जा भय आसा, ता तुज्या पायाकडे हाडलंय म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“कोणाच्या मनात इला, सगळो माल एकाच दारात नेवन ओतलो, आनि एक दिस त्या दाराक कडी लागली, तर आमी खंयच्या दारात उभे रवाचे? ता संकट टाळ म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आवाज जरा खाली आला होता. दळवी जमिनीकडे बघत होते.

“कोणाच्या मनात इला, बी बोटीन येतली, तर डोंगरातली माणसा आपली बी कोणाक देतली? औंदा नाय घेतली तर फुडल्या वर्साक झाडांकडे कोण बगतलो? ता टाळ म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“कोणाच्या मनात इला, बारा म्हयने काम गावला तर चेडवाक शाळेत धाडीन. तेची आशा पुरी कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हे मोठ्याने आलं. बऱ्याच बायकांचं ते असावं. म्हणजे सगळ्या नुसत्या भीतीच नव्हत्या. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काही होतं.

“कोणाच्या मनात इला, भयणीन माका इचारल्यान, पण उत्तर देवक सवड दिल्यान नाय. तेंच्यात दुरावो नको घालू म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. नाव नव्हतं, पण ज्याची बहीण मालकीण होती असा तिथे एकच होता. विश्रामचे कान लाल झाले. मागून कोणीतरी हसू दाबलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे नाही.

“आनि कोणाच्या मनात इला,” तात्यांनी आवाज हळू केला, “मी इचारतंय आनि माका खरा कोण सांगना नाय. माका ह्या खुर्चेर एकटीक भय वाटता. तिका सांभाळ म्हाराजा.”

आधी सत्यभामाआक्का एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.” आणि मग सगळे म्हणाले. हे मी तात्यांच्या कानात घातलं होतं. उन्हात उभी राहून मी स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होते.

तात्यांनी आता पाण्याची धार सोडली. शेवटचं मागणं मालकाच्या तर्फेचं असतं. ते त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं.

“आता ह्या कारखान्याक मोठ्या कंपनीचो हात धरूचो आसा. सगळो माल, सगळी वर्सा, एकाच्या हातात. तेका यश दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” सवयीने, तालात, सगळे म्हणाले. फक्त एक आवाज त्यात नव्हता.

मी मान वळवली. भाई गप्प होते. ओठ घट्ट मिटलेले. डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांड्यावर.

तात्या थांबले. त्यांनीही ऐकलं होतं. जत्रेत उत्तर पुसट आलं की गाऱ्हाणं घालणारा तेच पुन्हा म्हणतो, तसं ते पुन्हा म्हणाले, या वेळी भाईंकडे तोंड करून, सावकाश. “सगळो माल, सगळी वर्सा, एकाच्या हातात. तेका यश दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” थोडे लोक म्हणाले. बाकीचे भाईंकडे बघत होते. भाईंच्या गळ्याची शीर हलत होती. बोलता येत नसलेला माणूस बोलण्यासाठी धडपडतो ते मी रोज बघत होते. हे तसं नव्हतं. हा माणूस तोंडाशी आलेला एकुलता एक शब्द दातांआड धरून बसला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“आनि चुकला माकला पदरात घी म्हाराजा,” तात्यांनी शेवट केला.

“व्हय,” भाई म्हणाले. सगळ्यांच्या आधी.

नारळ फुटला. गुप्ते माझ्यामागून कार्यालयात आले. त्यांनी पिशवीतून कागद काढले, टेबलावर सरळ लावले. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

“निम्मा,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“निम्मा माल तुम्हाला देते. तुमची बी तुम्ही पाठवा, ती पावसाळ्यात चालवू. उरलेला निम्मा आमचा. आमचं पाकीट, आमच्या डोंगरातली बी.”

गुप्त्यांनी चष्मा काढला. “मॅडम, हे आपण आधीच बोललो. सगळं किंवा काही नाही. ते माझ्या हातातलं नाही.”

“वर विचारा.”

“विचारलं तर उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. तुम्हीच मागच्या खेपेला म्हणालात, सगळे तयार आहेत. तुमच्या वडिलांनी माझ्यासमोर होकार दिला.”

“त्यांना तुम्ही काहीही विचाराल तर ते होच म्हणतात,” मी म्हटलं. “दुसरं त्यांना येत नाही.”

“मग आज काय बदललं?”

एक आजारी माणूस एका ठिकाणी गप्प बसला, हे मुंबईच्या कार्यालयात कुठल्या रकान्यात लिहायचं? शाळेत जाऊ शकल्या असत्या त्या मुलींचं पारडं अजून माझ्या डोळ्यांपुढे खालीवर होत होतं. शब्द फिरवावा, सही करून मोकळं व्हावं, असं त्या घडीला शंभरदा वाटलं.

“निम्मा,” मी पुन्हा म्हटलं.

गुप्त्यांनी फोन केला. बराच वेळ ते ऐकत होते, खिडकीकडे तोंड करून. फोन ठेवला, कागद उचलले, नीट पिशवीत घातले. “वाईट वाटतंय,” ते म्हणाले, आणि खरंच वाटत असावं. प्रसादाचं खोबरं मात्र रुमालात बांधून घेऊन गेले.

पुढे त्या कंपनीने मालवणच्या वाटेवरच्या एका कारखान्याशी करार केला. तो कारखाना मोठा झाला, अजून चालतो. त्याच्यासमोरून जाताना त्याची उंच शेड दिसते, आणि तिथून सुटलेल्या बायकांच्या घोळक्यात गणवेशातल्या मुली त्यांना न्यायला आलेल्या दिसतात. आमचाही चालतो, लहानच आहे. त्या सकाळी मी बरोबर केलं का, हे मला आजही ठाऊक नाही.

गाडीचा आवाज फाटकाबाहेर विरला तेव्हा सगळे तिथेच उभे होते. कोणी कामाला गेलं नव्हतं. विश्रामने पोत्याची सुतळी सोडवायला घेतली होती, ती हातात तशीच होती.

“गेले?” त्याने विचारलं.

“गेले.”

“मग आता?”

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी घाईघाईने बोलू लागले, गप्प राहण्याची भीती वाटत होती म्हणून. “आता माल आपला आपणच विकायचा. गोव्यातली दुकानं धरायची. आणि यंदा बी घेताना मोठी तेवढीच घेऊ, बारकी सोडून देऊ, म्हणजे पाकिटाचं नाव होईल.”

“नाय,” सत्यभामाआक्का म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं असावं. तिने पदर तोंडावर नेला, मग खाली घेतला. “नाय बाय. बारकी नाय घेतलंस तर ती माणसा मोठी तरी तुका कित्याक देतली? सगळीच दुसरीकडे नेतली.”

“पण आक्का, गोव्यात बारकी कोण घेणार?” दळवी म्हणाले. “मी दुकानदारांची तोंडं बघतो, तुम्ही नाही.”

“तुमी तोंडां बगतास, पाकीट फोडून बगतास काय?” मागून एक बाई म्हणाली, आणि बायका हसल्या.

“दोघांचंही चुकतंय,” विश्राम म्हणाला. “बारकीचा तुकडा काढून मिठाईवाल्यांना देता येईल. मी हे मागच्याच वर्षी…” तो थांबला, माझ्याकडे बघितलं.

“मागच्या वर्षी काय?” मी विचारलं.

“सांगेन सावकाश.”

“आत्ताच सांग.”

त्याने सुतळी खाली टाकली आणि सांगायला लागला. दळवी मधेच तोडू लागले, आक्का दळवींना. भट्टीवाले लांबून ओरडून काहीतरी सांगत होते. भाईंची मान या तोंडाकडून त्या तोंडाकडे वळत होती. सोनूतात्या म्हणाले, माजा काम झाला, मी चललंय, आणि न जाता तिथेच मांडी घालून बसले. मी भाईंच्या खुर्चीपाशी मातीत बसले आणि ऐकू लागले.

पहिलं पोतं उघडायला दुपार झाली.